मे महिन्यात दोघांनी अंजनेरी: सकाळी अकराला तुम्ही कुठे असाल?

प्रश्न थोडक्यात असा: दोघं मित्र, पावसाळ्यात आणि थंडीत सात-आठ गड केलेले. मेच्या मधल्या आठवड्यात नाशिकजवळ अख्खा दिवस डोंगरात घालवायचा आहे. डोंगर कोणता घ्यावा, पाणी किती न्यावं, निघावं किती वाजता आणि दोघंच असलो तर चालेल का?

चालेल. पण पावसाळ्यातलं गणित मे महिन्याला लावू नका. पावसाळ्यात आपण उंची बघतो, अंतर बघतो, वाट किती निसरडी ते बघतो. उन्हाळ्यात सगळ्यात आधी एवढंच विचारायचं: सकाळी अकरा वाजता आपण कुठे असू? सावलीत पाठ टेकून बसलेले असलात तर दिवस मजेत जाईल. उघड्या पठारावर किंवा चढाच्या मध्यावर असलात, तर उरलेला दिवस ती चूक निस्तरण्यात जाईल. डोंगराची निवड, पाणी, खाणं, निघायची वेळ, सगळं या उत्तरावरून ठरवा.

अकराच का, ते सांगतो. नाशिक जवळपास बरोबर २० अक्षांशावर आहे. त्यामुळे २०-२१ मेच्या सुमारास दुपारी साधारण साडेबाराला सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली पडत नाही, तशी उभ्या कड्याचीही पडत नाही. थंडीत फिरणाऱ्यांच्या डोक्यात 'उत्तरेच्या कड्याखाली सावली असतेच' हे पक्कं बसलेलं असतं. डिसेंबरात ते खरं, मेमध्ये नाही. २१ मेनंतर दोन महिने तर भर दुपारचा सूर्य उलट थोडा उत्तरेकडे असतो. म्हणजे अकरा ते दीडच्या दरम्यान सावली म्हणावी अशी जागा दोनच ठिकाणी मिळते: खोल गुहेत किंवा दाट झाडाखाली. दीडनंतर पूर्वेकडच्या कड्यांखाली सावली धरायला लागते. याचीच दुसरी बाजू कामाची आहे. सकाळी डोंगराच्या पश्चिम अंगाने चढलात तर आठ-साडेआठपर्यंत सूर्य डोंगराआड राहतो, आणि तो दीड-दोन तासांचा फरक पाण्याच्या बाटलीत स्पष्ट दिसतो.

'वर गार असतं' हेही अर्धवट खरं. अंजनेरीचा माथा सुमारे १,२८० मीटर, म्हणजे शहरापेक्षा जवळपास ७०० मीटर उंच. हवा चार-पाच अंशांनी उतरते. पण ते तापमान सावलीतलं. काळा कातळ सकाळी नऊपासून तापायला लागतो आणि दुपारी खालून भाजतो. वरच्या वाऱ्याने घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं याचा अंदाजच येत नाही. कोकणातल्या ट्रेकला अंगरखा चिंब होतो आणि माणूस सावध होतो. नाशिकच्या कोरड्या हवेत शर्ट कोरडा राहतो, पाठीवर फक्त मिठाचे पांढरे नकाशे उमटतात.

आता डोंगर. हरिहर मेमध्ये फक्त पहाटे करून नऊच्या आत खाली यायच्या लायकीचा. त्याच्या उभ्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी रांग लागते, तापलेल्या खोबणीत हात घालवत नाही आणि माथ्यावरची दगडी कोठी दोघांनी दुपार काढायची जागा नव्हे. तो अर्ध्या दिवसाचा गड आहे, तसाच ठेवा. साल्हेर १,५६७ मीटर, राज्यातला सर्वात उंच किल्ला. पण नाशिकहून गाडीनेच इतका वेळ जातो की पायथ्याला मुक्काम केल्याशिवाय पहाटेची सुरुवात जमत नाही. धोडपचंही तेच, हट्टी गावात आदल्या रात्री पोहोचत असाल तरच विचार करा. कळसूबाई उन्हाळ्यात रात्री चढतात ते उगीच नाही.

ब्रह्मगिरी आणि दुर्गभांडार हा चांगला दुसरा पर्याय. त्र्यंबकेश्वरहून बांधीव पायऱ्या, कातळात खोदलेली वाट, यात्रेकरूंचा राबता आणि वाटेत लिंबूपाणी मिळण्याची शक्यता. अडचण अशी की वरचं पठार बोडकं आहे. मूळगंगा, जटाशंकर आणि पुढे दुर्गभांडार करून परत पायऱ्यांशी येईपर्यंत अकरा सहज वाजतात आणि मधे टेकायला काही नसतं. दुर्गभांडारला जाणारी ती चिंचोळी कातळभिंत भन्नाट आहे, पण वारा असेल तर तिथे छत्री उघडायचा मोह आवरा. माकडं इथे सराईत आहेत. प्लॅस्टिकची पिशवी हातात धरून चालणं म्हणजे त्यांना आमंत्रण.

म्हणून पहिल्यांदा मेमध्ये जाणाऱ्या दोघांसाठी अंजनेरी. नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने साधारण २० किलोमीटरवर फाटा, आत गाव, गावाभोवती जुन्या जैन मंदिरांचे अवशेष. तिथून वनखात्याच्या चौकीपर्यंत कच्चा-पक्का रस्ता, मग पायऱ्या. या डोंगराची रचनाच उन्हाळ्याला सोयीची आहे. पहिला चढ दोन कड्यांमधल्या घळीतून जातो, तिथे सकाळी ऊन उशिरा पोहोचतं. घळीतच कातळात कोरलेलं छोटं जैन लेणं लागतं. वर पहिलं पठार आणि अंजनीमातेचं मंदिर, पुढे पावलाच्या आकाराचं तळं, तळ्याच्या अंगाला झाडी आणि सीतागुंफा. त्याच्या वर दुसरा चढ, मग विस्तीर्ण माथा आणि अंजनीमातेचं दुसरं मंदिर. म्हणजे दुपार काढायची जागा वाटेच्या बरोबर मधोमध. यापेक्षा जास्त काही डोंगराकडून मागू नये.

वेळापत्रक असं बसवा. पहाटे सव्वाचारला नाशिक सोडायचं. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत त्या रस्त्यावर कुठे खोदकाम, कुठे वळसा असू शकतो, म्हणून पाऊण तास धरा. पाचला पायथा, पाच-दहाला बॅटरीच्या उजेडात चालायला सुरुवात. पाच-पस्तीसपासून दिसायला लागतं, सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. सव्वासहाला घळीच्या वर, सातला पहिलं मंदिर, साडेसातला तळं. तिथे अर्धा तास न्याहारी. आठला दुसरा चढ, पावणेनऊपर्यंत माथा. तासभर वर भटका. पावणेदहाला उतरायला लागलात की साडेदहाला सीतागुंफेत किंवा झाडीत. पावणेचारपर्यंत तिथून हलायचं नाही. साडेपाचला खाली. सूर्यास्त सातनंतर, म्हणजे हाताशी दीड तास शिल्लक.

चौकीतून आत सोडायची वेळ आणि शुल्क आदल्या दिवशी गावात विचारून घ्या. सहाच्या आधी सोडत नसतील तर पहाटेची पाऊण तासाची भर गेली. ती भरून काढायला पाय उचलायचे नाहीत, वरचा भटकायचा तास कापायचा. आणखी एक पक्की रेघ: पहिल्या मंदिराशी पोहोचायला आठ वाजले, तर दुसरा चढ त्या दिवशी नाही. तळ्यापर्यंत जा, झाडीत लोळा, संध्याकाळी उतरा. माथा कुठे पळून जात नाही.

वेगाचा जुना हिशेब आहे: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. उन्हाळ्यात त्यात एक तृतीयांश वाढवा. चढताना जोडीदाराशी पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. शब्दा-शब्दाला दम लागत असेल तर वेग जास्त आहे, मग पाय कितीही भरात असोत.

पाण्यावर जरा थांबू, कारण गफलत इथेच होते. माणशी पाच लिटर. आकडा हवेतून आलेला नाही. सकाळच्या पाच तासांत तासाला साडेचारशे मिली, म्हणजे सव्वादोन लिटर. दुपारी बसल्या जागी तासाला पाव लिटर, ते सव्वा लिटर. उतरताना उन्हाची तिरीप असते आणि शरीर तापलेलं, म्हणून पावणेदोन तासांना एक लिटर. उरलेला अर्धा लिटर राखीव, खाली गाडीशी येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. पाच किलो ओझं जड वाटतं, पण सकाळभर ते दर तासाला जवळपास अर्धा किलोने हलकं होतं. वर तळं आहे, टाकी आहेत, पण मेमध्ये त्यांच्या भरवशावर एक घोटही कमी नेऊ नका. पाणी आटलेलं असतं किंवा उरलेलं हिरवं आणि गुराढोरांचं असतं. अगदीच वेळ आली तर चार पदरी कापडातून गाळा, क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर गोळी दुप्पट.

लिटरच्या पाच बाटल्या न्या, पाठीवरची नळीवाली पिशवी एकटी नको. पिशवीत किती उरलं ते दिसत नाही आणि दुपारी बारा वाजता नळी फुर्रर्र करते तेव्हाच कळतं. बाटल्यांवर मार्करने १ ते ५ आकडे टाका आणि सकाळीच ठरवा: पहिल्या दोन माथ्यापर्यंत. तिसरी माथ्यावर फुटली म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. तिसरी तळ्याशीच, दुसऱ्या चढाआधी फुटली तर मागे वळायचं, चर्चा नाही.

दोन बाटल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा, पण पाऊणच भरून, बर्फ फुगून तळ फुटतो. सकाळी त्यांना जुने सुती मोजे ओले करून चढवा. आपल्याकडची मे महिन्याची हवा इतकी कोरडी की ओल्या मोज्यातून पाणी उडताना बाटली गार राहते, माठाचंच तत्त्व. सकाळपासून अर्धा वाटी पाणी मोज्यांवर गेलं तरी परवडतं.

नुसतं साधं पाणी पाच लिटर पिणं हीसुद्धा चूक आहे. घामातून मीठ जातं आणि वर नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं: डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, लघवी मात्र पांढरीस्वच्छ आणि वारंवार. लोक याला ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात. म्हणून पाचातल्या दोन बाटल्या मीठ-साखरेच्या ठेवा: एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, वर लिंबू. सपाट म्हणजे सुरीने कड मारून सपाट. ओआरएसची पुडी वापरणार असाल तर तिच्यावरचं प्रमाण वाचा. मोठी पुडी एक लिटरची असते आणि छोटी, चार-साडेचार ग्रॅमची, २०० मिलीची. छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर उपयोग नाही, मोठी पुडी एका पेल्यात टाकली तर उलटी. खोक्यातली गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे, आणि एनर्जी ड्रिंक तर मुळीच नको. कैरीचं पन्हं मात्र उत्तम, गूळ नेहमीपेक्षा निम्मा आणि मीठ जरा चढं. ताक न्यायचं तर आठच्या आत संपवा, नाहीतर आंबून बाटलीचं टोपण उडवतं.

पिण्याची रीत: दर वीस मिनिटांनी पाच-सहा घोट, तहान असो वा नसो. घरून निघताना अर्धा लिटर वेगळं, ते पाचात मोजायचं नाही. तासाभराने एकदम अर्धी बाटली ढोसली तर ती पोटात डचमळते आणि पुढचा चढ मळमळत जातो.

खाणं साधं. दुधात भिजवलेली दशमी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कांदा, तिखट-मिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, मनुका, दोन काकड्या. दहीभात, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी हे चाळीस अंशांत तीन-चार तासांत धोक्याचं होतं आणि तुमचं मोठं जेवण दुपारी एकला आहे. ते लक्षात ठेवूनच डबा भरा. चढावर भूक मरते, तेव्हा जबरदस्तीने भाकरी कोंबू नका, तासाला मूठभर मनुका-दाणे पुरतात.

आता दोघं. चौघांत एक आजारी पडला तर एक जवळ बसतो, दोघं मदतीला जातात. दोघांत एक पडला की दुसऱ्याला ठरवावं लागतं, बसायचं की जायचं. त्यामुळे दोघांच्या ट्रेकमध्ये सामान वाटून घ्यायची नेहमीची पद्धत सोडा. 'बॅटरी तू घे, औषधं मी घेतो' असं नाही. प्रत्येकाकडे स्वतःचं पूर्ण पाणी, स्वतःची बॅटरी, शिट्टी, ओआरएसच्या दोन पुड्या, काडेपेटी, रोख पैसे. सामायिक चालतील अशा वस्तू फक्त दोन: दोरी आणि पॉवरबँक. घरी एका माणसाकडे लिहून ठेवा: कोणता डोंगर, गाडी कुठे लावली, आणि रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. वर नेटवर्क येतं-जातं. फोन विमान मोडवर, पिशवीच्या आत, कपड्यात गुंडाळून. उन्हात खांद्याच्या पट्ट्यावर अडकवलेला फोन तापून बंद पडतो, नेमका नकाशा हवा तेव्हा.

पुढे कोणी चालायचं? जो हळू चालतो तो. हे सगळे मान्य करतात आणि कोणी पाळत नाही, कारण मागच्याचे पाय शिवशिवतात. पण हळू माणूस मागे असला की तो धापा टाकत पोहोचतो तेव्हा पुढच्याची विश्रांती झालेली असते, 'चल' म्हणतो आणि मागचा न बसताच पुन्हा चालतो. चार थांब्यांनंतर मागचा संपतो. दुसरा करार: कोणीही एकाने 'परत' म्हटलं की परत. कारण विचारायचं नाही, टिंगल नाही, घरी आल्यावरही नाही.

एकमेकांवर लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय? दर थांब्याला बसल्यावर मिनिटभराने नाडी मोजा: पंधरा सेकंदांत तीसपेक्षा जास्त ठोके, म्हणजे मिनिटाला १२० च्या वर, तर थांबा लांबवा. दुपारपर्यंत लघवी झालीच नसेल किंवा चहासारखी गडद असेल तर पाणी कमी पडतंय. पोटरीत गोळे येणं, चक्कर, मळमळ, गार आणि चिकट कातडी: हा उन्हाचा थकवा. सावली, पाय उंच, मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने, आणि त्या दिवसापुरता चढ बंद. तासाभरात बरं वाटलं तरी बंद.

खरा धोका वेगळा दिसतो. माणूस विचित्र बोलायला लागतो, चिडतो, वाट सोडून चालतो, साध्या प्रश्नाला उत्तर चुकवतो. हा उष्माघात. 'आज वार कोणता, गाडी कुठे लावली?' असे दोन प्रश्न विचारा. उत्तर गडबडलं तर अंगाला घाम आहे की नाही हे बघत बसू नका. चालून उष्माघात झालेल्याला बऱ्याचदा घाम असतो, आणि 'घाम येतोय म्हणजे ठीक आहे' या समजुतीने लोक वेळ घालवतात. तिथल्या तिथे शरीर गार करा: कपडे सैल, मान, काखा, जांघा आणि छातीवर पाणी, टोपीने जोरजोरात वारा. इथे पाणी वाचवायचं नाही, राखीव बाटली याचसाठी होती. आधी गार करायचं, मग खाली न्यायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा ताप वेगळ्या कारणाने चढलेला असतो. १०८ ला फोन लावा, आणि मंदिराशी किंवा वाटेवर कोणी असेल त्याला हाक मारा.

जाण्याआधीचे दहा दिवसही महत्त्वाचे. दिवसभर एसीत बसणाऱ्याने थेट मेच्या डोंगरात जाऊ नये. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठ ते चौदा दिवस लागतात. रोज सकाळी आठ ते नऊ पांडवलेणी किंवा चांभारलेणीचा जिना दोन-तीनदा चढ-उतर करा. आठवड्याभरात घाम लवकर सुटायला लागतो, ते चांगलं लक्षण. मधल्या काळात ताप किंवा जुलाब झाले असतील तर आठवडाभर पुढे ढकला. रक्तदाबाच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्यांनी घाम आणि पाण्याचं गणित बदलतं. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आदल्या रात्रीची 'बैठक' तर नकोच नको.

कपड्यांबाबत ट्रेकिंगच्या दुकानातला सल्ला इथे उलटा घ्या. 'सुती नको, ओलं राहतं' हे पावसात आणि थंडीत खरं. कोरड्या उन्हाळ्यात ओलं राहणं हाच सुती कापडाचा गुण. फिकट, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि मानेवर ओला पंचा. टोपी चारी बाजूंनी काठ असलेली. पुढे चोच असलेल्या टोपीने कान आणि मान भाजतात. पायात मात्र सुती मोजे नकोत, घामाने भिजून फोड येतात. टाच कुठे चुरचुरली की लगेच थांबून चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर लावून काय उपयोग.

बूट आदल्या दिवशी तपासा. गेल्या पावसाळ्यानंतर माळ्यावर ठेवलेल्या बुटाचा तळ वरून धड दिसतो, पण आतला फेस भुसभुशीत झालेला असतो आणि तापलेल्या कातळावर तळवा जिभेसारखा लोंबायला लागतो. तळवा दोन्ही हातांनी वाकवून बघा, भेग पडली किंवा कडेला पूड झडली तर तो बूट नको. तरी दोन मीटर सुतळी आणि चिकटपट्टी पिशवीत असू द्या.

पावसाळ्यात शेवाळाने घसरतात, उन्हाळ्यात घसाऱ्याने. कातळपायरीवर बारीक मुरुमाचा थर असतो आणि त्यावर पाय म्हणजे ज्वारीच्या दाण्यांवर पाय. अंजनेरीच्या घळीत उतरताना हे जाणवतं. पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला, पूर्ण तळवा एकदम टेकवायचा. टाच आधी टेकवली की गेलात. पायरीच्या मधोमध नाही, कडेला, जिथे मुरूम झडलेला असतो. वाळलेल्या गवतावर उतारावर पाऊल नको, ते सतरंजीसारखं सरकतं. दोघांत पाच-सहा पायऱ्यांचं अंतर ठेवा, सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर जातो.

दुपारी गुहेत शिरण्याआधी बॅटरी मारून कोपरे आणि छत बघा. दगडाच्या फटीत फुरशासारखा विषारी साप असू शकतो, छताला मोहोळ असू शकतं. काठी आपटत आत जा, हात न दिसणाऱ्या जागी टेकू नका. कुठेही धूर, शेकोटी, चूल नाही. एक तर सगळा डोंगर वाळलेला, ठिणगीने वणवा लागतो, आणि धुराने आग्या माशा उठतात. अंगाला अत्तर नको. माशा उठल्याच तर पंचा तोंडावर घेऊन सरळ रेषेत लांब निघून जा, हात झाडू नका. काटा खरवडून काढायचा की चिमटीने, यावर वाद घालू नका, जो लवकर निघतो तो बरा. सर्पदंशाला दोरी आवळणं, चिरा देणं काही नाही. पाय हलवू न देता जिल्हा रुग्णालय. वणवा दिसला तर वर पळायचं नाही, आग चढावर जास्त वेगाने धावते. आडवं चालून उघड्या कातळावर किंवा आधीच जळालेल्या काळ्या पट्ट्यात जायचं.

अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात, म्हणून कड्याच्या टोकाशी आरोळ्या नकोत. आणि पठारावर वाट सोडून मातीत उगाच उकरू नका. याच डोंगराचं नाव घेतलेली सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात २००६ मध्ये जगाला माहीत झाली, तिचे कंद मेमध्ये त्याच कोरड्या मातीत झोपलेले असतात. वर काहीच दिसत नाही, म्हणून तिथे काही नाही असं वाटतं.

मेच्या उत्तरार्धात वळीव हा वेगळा विषय. सकाळ स्वच्छ, दुपारी दोनला क्षितिजावर फुलकोबीसारखे ढग, चारला गडगडाट. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये टाका आणि एकच्या सुमारास बघा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर. दहाच्या आत आलं की पठार आणि एकटं झाड सोडा. गुहेत असाल तर तोंडाशी उभं राहू नका आणि भिंतीला टेकू नका, आत मधोमध पिशवीवर बसा. उघड्यावर सापडलात तर दोघांनी एकमेकांपासून पंधरा-वीस मीटर लांब व्हायचं, म्हणजे एकाला धक्का बसला तरी दुसरा मदतीला उरतो. जवळ बसून धीर द्यावासा वाटतो, नेमकं तेच करायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. वळिवाने मुरूम भिजून पायऱ्यांवर चिखल होतो, तेव्हा उतरायला अर्धा तास जास्त धरा. तुमच्या वेळापत्रकात तो दीड तास शिल्लक ठेवलाय तो यासाठी.

दुपारच्या पाच तासांत करायचं काय, असं लोक विचारतात. झोपा. पहाटे साडेतीनला उठलेले असता. पण दोघांनी एकाच वेळी गाढ झोपू नका, माकडं पिशवीची चेन उघडायला शिकलेली आहेत. बूट काढून पाय वाळवा, घालताना झटकून घाला. मेच्या शेवटी आजूबाजूला करवंदं पिकलेली असतात. मूठभर खा, ओंजळभर नको, उतरताना पोट बोलायला लागतं.

खाली आल्यावर लगेच गाडीला किक मारू नका. पंधरा मिनिटं बसा, राखीव अर्धा लिटर आता संपवा. त्र्यंबक रस्त्यावर उसाचा रस प्यायचा असेल तर बर्फ न घालता. आणि ज्याने दुपारी जास्त झोप काढली त्यानेच हँडल धरायचं. मागे बसलेल्याने बोलत राहायचं, कारण दिवसभराच्या उन्हानंतर संध्याकाळच्या गार वाऱ्यात पहिल्या दहा किलोमीटरातच डोळे मिटायला लागतात.